पॅकिंग कापायचे दिवस

नवा तांदूळ आला की पोतं उघडायच्या आधीच घराला कळतं. तागाचा वास वरून आणि त्याच्या आतून तो गोडसर, जरा ओलसर वास. यंदाही नितीननं ओटीवर पोतं टेकवलं, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला आणि म्हणाला, चाळून घे गं आत्या, थोडं खडं हायेत. नितीन म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. माझं माहेर हिर्डोशीचं, तिथल्या खाचरातलं हे भात. पन्नाशीला आलाय नितीन आता. पोट सुटलंय, वरव्याच्या बाजूला एका कंपनीत पाळ्या करतो, स्कूटरवर हळू जातो, वळणावर हॉर्न वाजवतो. तो गेला की मी पोत्यात हात घालून बसते. काम करायला म्हणून बसते आणि नुसतीच बसते.

भाताच्या कापणीचे दिवस मला पहिल्यापासून दमवतात. ऊन असं की अंगाला चिकटतं, सुटत नाही. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही, आणि मधल्या मधे माणूस शिजतो. लहानपणी इळा हातात धरून वाकलं की पाठ सरळ व्हायची ती थेट जेवायला बसताना. भाताची पात दिसायला मऊ, पण हातावर बारीक बारीक ओरखडे काढते, आणि संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं की ते सगळे एकदम बोलायला लागतात. लग्न होऊन सारोळ्याला आले तेव्हा वाटलं होतं, सुटले. नीरेच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून यांचं गॅरेज. पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या. शेत नाही, बांध नाही. पण तो महिना आला की माझी पाठ इथं बसल्या जागी दुखायला लागायची. अजून दुखते. शरीराला पत्ता बदललेला कळत नाही बहुतेक.

तर त्या वर्षीची गोष्ट. साल मी सांगणार नाही कारण मला ते नेमकं आठवत नाही. हायवे अजून दुपदरी होता, मोबाईल कुणाकडं नव्हता, आणि भोरच्या पोरांना टू-स्ट्रोक गाड्यांचं याड लागलं होतं एवढं खरं.

मी गॅरेजात काय करायची ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पॅकिंग कापायची. इंजिनाचे दोन भाग जिथं एकमेकांवर बसतात तिथं मधे एक पातळ तुकडा घालावा लागतो, नाहीतर हवा आणि तेल बाहेर येतं. त्याला पॅकिंग म्हणायचं. गावाकडं प्रत्येक गाडीचं तयार पॅकिंग कुठं मिळणार? मग जाड पुठ्ठ्यासारखी काळी शीट आणायची, ती इंजिनाच्या तोंडावर ठेवायची, आणि गोल डोक्याच्या लहान हातोडीनं कडेकडेनं टकटक करत जायचं. धातूची कड खालून शीट कापत येते. बोल्टच्या भोकांवर बेरिंगमधली जुनी गोळी ठेवून एक ठोका द्यायचा, भोक पडतं. पोळी लाटणाऱ्या हाताला हे यायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा मी हौसेनं केलं, मग ते माझंच काम झालं. कापायचंही मी आणि बसवायचंही मी. मग हे वरून हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण ठेवायचे आणि नट आवळायचे, समोरासमोरचे, एकाआड एक. किती आवळायचं त्याला माप नव्हतं. मनगटाला कळायचं यांच्या. नट एका जागी आला की हे "हं" म्हणायचे आणि पाना खाली ठेवायचे. त्या "हं"वर भोरपासून शिरवळपर्यंतच्या गाड्या चालत होत्या असं म्हटलं तर जास्त होईल, पण थोडंच जास्त होईल.

दसरा झाला आणि नितीन एक गोणी घेऊन आला. तेव्हा बावीसचा होता, काटकुळा. पुण्याला जाऊन आपल्या गाडीसाठी रेसिंगचे भाग आणले होते, दुसऱ्या कुणाच्या गाडीवरून उतरलेले. मोठा कार्बोरेटर. मागच्या चाकाचं जास्त दातांचं चक्र. आणि एक सायलेन्सर, दोन्ही टोकांना बारीक आणि मधे फुगलेला, उंदीर गिळून पडलेल्या धामणीसारखा. मी म्हटलं हे असलं माझ्या ओट्यावर ठेवू नको. तो हसला. वहीच्या पानावर पुण्याच्या कुणा मिस्त्रीनं पेन्सिलीनं चित्र काढून दिलं होतं, सिलेंडरच्या आतली भोकं कुठं किती मोठी करायची त्याचं. ते पान त्यानं यांच्यापुढं धरलं. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. तो म्हणाला, "मामा, जमंल का?"

बघा, हे दोन शब्द. जमेल का म्हणून कुणी यांना विचारलंच नव्हतं कित्येक वर्षांत. लोक यायचे ते क्लच घासतोय, पंक्चर झालंय, दिवा लागत नाही, एवढंच घेऊन. यांनी चष्मा लावला, पान उजेडाला नेलं, आणि दुपारी जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

दिवाळीनंतरच्या रविवारी वेल्ह्याच्या बाजूला, मार्गासनीच्या अलीकडं एका माळावर मातीतली शर्यत ठरली होती. पुण्याचा एक माणूस येणार होता. तो स्वतःच्या गाड्यांवर पोरं बसवून बाहेरगावच्या शर्यतींना न्यायचा. त्याला एक पोरगा हवा होता. नितीनला तो पोरगा व्हायचं होतं. एवढीच गोष्ट, पण त्याच्या सगळ्या अंगात ती भरली होती. जेवतानासुद्धा उजवं मनगट पीळ दिल्यासारखं फिरायचं त्याचं.

ते पंधरा दिवस मी यांना जसं पाहिलं तसं नंतर नाही पाहिलं. गोल कानस घेऊन सिलेंडरच्या भोकांना हळू हळू लावायची, केसभर, मग थांबायचं, बोट घालून बघायचं. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासत बसायचे, एखाद्या बाळाचे कान साफ करावे तसे. हेड भोरला लेथवर नेऊन खालून थोडं कापून आणलं, म्हणजे आत जागा कमी, दाब जास्त, गाडी तिखट. तांब्याचा पातळ पत्रा शेगडीवर लाल करून पाण्यात टाकला, चर्र झालं. तांबं असं मऊ पडतं, मला दाखवलं यांनी. "ह्याचं पॅकिंग काप," म्हणाले. रॉकेलचा, कानसलेल्या धातूचा, गरम तांब्याचा वास घरभर. भुसा आणि साबणपावडरीनं हात घासून आले तरी भाकरीला तो वास यायचा. आणि हे मला चक्क गमती सांगायचे. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, चष्मा कपाळावर, गालाला काळं.

मला हे सगळं आवडत होतं, ते आधी लिहिते. कारण पुढं जे मी केलं त्यावरून वाटेल की मला आवडत नव्हतं.

गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हा शेडचे पत्रे थरथरले. आवाज कानात जात नव्हता, दातांत जात होता. नितीन पुलावर घेऊन गेला आणि माझ्या डोळ्यांपुढं गाडी एवढी बारीक झाली की बघताबघता दिसेनाशी. परत आला तेव्हा हसत होता, आणि हसताना हुबेहूब त्याचा बाप. माझा भाऊ वरंध्याच्या घाटात टेम्पोसकट खाली गेला तेव्हा नितीन सहा वर्षांचा होता. मी त्या दिवशी घाटात उभी होते. खाली काय दिसत होतं ते मी इथं लिहिणार नाही.

त्याच आठवड्यात वहिनी आली, नितीनची आई. ऐन कापणीत, उभं भात टाकून. हिर्डोशीहून दिवसाला दोनच एसट्या, त्यातली सकाळची धरून भोर, तिथून सारोळं. हातभर ओरखडे, पदराला भाताची कुसळं चिकटलेली. शेडमध्ये गाडी उघडी पडलेली होती, तिच्याकडं तिनं एकदाच पाहिलं. चहा घेतला. भाताला माणूस मिळत नाही, शेजारच्यांच्या गाईनं नासधूस केली, असलं काहीबाही बोलली. मला वाटलं आता ओरडेल, रडेल. जाताना दारात थांबून म्हणाली, "वन्सं, मी काय बोलनार? पोरगं तुमच्या दारात हाय." आणि एसटीला गेली.

यांना मी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. म्हणाले, अगं तो जायचाच आहे, मग निदान गाडी तरी नीट असू दे खाली. बरोबरच होतं म्हणा. पण माझ्या डोक्यात वहिनीचे हात.

आता माझी अक्कल ऐका. रॉकेलवर चालणारे पाण्याचे पंप असतात ना शेतकऱ्यांचे, ते ठोके द्यायला लागले की हे त्यांच्या हेडखाली एकाऐवजी दोन पॅकिंग टाकायचे. हेड तेवढं वर उचललं जातं, दाब कमी होतो, इंजिन नरम पडतं. मी शंभर वेळा पाहिलं होतं. मी म्हटलं, नरम पडू दे की. पोरगं शर्यतीत धावेल, मागं राहील, पुण्याचा माणूस दुसऱ्या कुणाला नेईल. कुणाचं काही बिघडणार नाही. हात-पाय शाबूत घरी येईल आणि वहिनीचं भात झोडायला जाईल.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी यांनी शेवटची जोडणी हातात घेतली. मी पोळ्या बाजूला ठेवल्या आणि काळ्या शीटचं एक दुसरं पॅकिंग कापलं, तांब्याच्या पॅकिंगच्याच मापाचं. पोळीइतकंच सहज कापलं गेलं, त्याचं मला अजून नवल वाटतं. हे हायवेला उभ्या ट्रकवाल्याशी बोलायला गेले आणि जाताना म्हणाले, पॅकिंग बसव, आलोच. मी बसवलं. आधी काळं, वर तांब्याचं. यांनी येऊन हेड ठेवलं, नट आवळले, एकाआड एक. "हं" म्हणाले.

संध्याकाळी गाडी पळवून बघितली तर मरगळलेली. नितीनचा चेहरा उतरला. हे म्हणाले बसायची आहे अजून, उद्या मोकळी होईल, आणि कार्बोरेटर उघडून बसले. जेट बदलले, परत बदलले. मी वरण फोडणीला टाकत होते. मला वाटलं, झालं काम.

माळावर गेलो आम्ही टेम्पोतून, चेलाडीवरून आत. माझ्या मांडीवर डबा. दोरी बांधलेली, चुना टाकलेला, समोर तोरणा स्वच्छ दिसत होता. गर्दी बरीच. पोरांच्या गाड्या एका रांगेत धूर सोडत उभ्या होत्या आणि तो जळक्या तेलाचा वास बाजूच्या खाचरातल्या कापलेल्या भाताच्या वासात मिसळत होता. पुण्याचा माणूस गॉगल लावून जीपच्या बॉनेटवर बसला होता. तीन फेऱ्या. पहिलीत नितीन पाचवा. दुसरीत तिसरा. गाडीत दम नव्हता, पण तो पोरगाच असा चालवत होता की काय सांगू. वळणावर गाडी जवळजवळ आडवी, पाय मातीत, आणि उठवायचा. मी डोळे झाकायचे ठरवून गेले होते, माझ्याच्यानं झाकवले नाहीत. जीपवरचा माणूस उठून उभा राहिला होता. नितीनकडंच बघत होता तो. आता कबूल करते, त्या घटकेला मलाही वाटलं की जाऊ दे ह्याला.

तिसऱ्या फेरीत चढाला गाडी फुस्स फुस्स करायला लागली. ज्यांना कळतं त्यांना तो आवाज लगेच कळतो. हेडखालून दाब बाहेर. दोन निराळ्या जातीची पॅकिंग एकमेकांवर धरली नाहीत. पंपाचं इंजिन कुठं आणि हे कुठं. मला नरम करायची होती, बंद पाडायची नव्हती. चढाच्या मधोमध गाडी गप्प झाली आणि बाकीच्या गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी माती उडवत गेल्या.

नितीन ती ढकलत खाली आणत होता तेव्हा दोरीजवळ उभ्या एकानं मोठ्यानं म्हटलं, "मिस्त्रीनं हेडच आवळलं न्हाई नीट." दोघंतिघं हसले. यांनी ऐकलं. हे माझ्या शेजारीच उभे होते, हातात पाना होता. पुण्याचा माणूस जीपमधून निघून गेला, मागच्या सीटवर शिरवळकडचा एक पोरगा.

नितीन मामांना काही बोलला नाही. बोलला असता तर बरं. हे म्हणाले, उघडून बघतो, काय झालंय ते तरी कळू दे. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. आता काय बघायचंय?" आठवड्याच्या आत त्यानं गाडी जशीच्या तशी घाटाखाली महाडच्या एका माणसाला विकून टाकली. भात झोडलं, पेंढा रचला, आणि नवीन वर्षाला कंपनीत लागला.

मला जे हवं होतं ते सगळं झालं. मुलगा जिवंत, हातपाय शाबूत, वहिनीच्या नजरेसमोर. आणि माझ्या घरात एक माणूस नट आवळायचा, "हं" म्हणायचा नाही, परत आवळायचा. उठून जायचा, परत येऊन आवळायचा. मग आटे जायचे. नटाचे आटे गेले की तो नुसता फिरत राहतो, कुठं थांबायचं त्याला समजत नाही. यांचंही तसंच झालं होतं. पुण्याहून मोजून आवळायचा पाना मागवला, काटा दाखवतो तसला. त्या काट्यावरही विश्वास बसेना. हळूहळू इंजिनाचं काम घ्यायचं सोडलं. तेल बदलायचं, ब्रेक लावायचे, पंक्चर काढायची. विचारलं तर म्हणायचे, डोळे गेले माझे. रस्ता चौपदरी झाला, शेड मागं सरकली, मोठी गॅरेजं आली, आणि लोकांना वाटलं मिस्त्री त्यानंच मागं पडले. मला माहीत होतं कशानं.

सांगायचं किती वेळा ठरवलं. चहा देताना तोंडाशी यायचं. पण सांगितलं तर नितीनला कळणार, वहिनीला कळणार, असं म्हणायची मी मनाशी. खरं म्हणजे यांना कळणार, त्याचीच भीती. अशी आठ-नऊ वर्षं.

नितीन एकदा हसत हसत म्हणाला होता, दोन पोरं झाल्यावर, माझ्याच ओटीवर बसून, "बरं झालं आत्या, तवा बंद पडली. न्हाईतर मी आज कुठं असतो." कुठं म्हणजे कुठं? घाटात, का वर्तमानपत्रात फोटो येतो तिथं? त्याच्या आवाजावरून काही कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग एका वर्षी आम्ही दोघं झोडणीला हिर्डोशीला गेलो होतो. वहिनी थकली होती, हाताला हात. मळणीचं भाड्याचं मशीन आणलेलं, त्याच्या इंजिनातून तेल गळायला लागलं. खळ्यावरच्या एकानं हाक मारली, मिस्त्री, जरा हेड आवळून द्या की. हे पेंढ्यावर बसले होते. म्हणाले, "दुसऱ्याला सांग बाबा. माझा हात ऱ्हायला न्हाई." अगदी साधेपणानं म्हणाले, वय झालं म्हणतात तसं. आणि मला एकदम ते सोसवेना. सगळे भाकरी खायला आंब्याखाली गेले तेव्हा मी यांना तिथंच पेंढ्यावर धरून बसवलं आणि सांगितलं. काळं पॅकिंग, तांब्याचं पॅकिंग, ट्रकवाला, सगळं.

यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. भाताची धूळ उन्हात तरंगत होती.

"काळं खाली टाकलंस का वर?" यांनी विचारलं.

"खाली."

"मधी काही लावलंस? शेलॅक, काही?"

"न्हाई."

"नुसतंच?" हे म्हणाले. "अगं मग गळणारच की ते. त्या उष्णतेला नुसतं काळं शीट कसं टिकंल." आणि मान हलवत राहिले, काम बिघडवणाऱ्या हाताखालच्या माणसावर चिडावं तसे. मी आपली वाट बघत बसले, आता काय बोलतील. मग यांनी उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवला, आणि स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे म्या आवळलं होतं बरोबर."

उठले. कुणालाही न सांगता मशीनपाशी गेले, पाना मागून घेतला, नट आवळले, समोरासमोरचे. मी लांबून ऐकत होते. एकदाच "हं" झालं. तेल गळायचं थांबलं.

मला वाटलं होतं रागावतील, बोलणं टाकतील. काही नाही. घरी आलो, जेवलो, सकाळी शेड उघडली. इंजिनाची कामं परत घ्यायला लागले, दोनचार का होईना. आवाज पूर्वीचा, जेवण पूर्वीसारखं, मला लागणारा चहा अधूनमधून स्वतः करायचे तेही तसंच. नितीनला त्यांनी कधी सांगितलं नाही, मलाही त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. हे गेले त्याला आता पाच वर्षं झाली. त्या दिवसापासून शेवटपर्यंत पॅकिंग कापायला मात्र माझ्याकडंच द्यायचे. मी कापून त्यांच्या हातावर ठेवायची. बसवायला ते मला देत नसत. आधी उजेडाकडं वळून अंगठ्याच्या नखानं त्याची कड उचकून बघत, एकच आहे ना. मग स्वतः बसवत.